फुकटचं तिकीट

नातीला बघायला जायचं म्हणून मामींनी कधीची बॅग भरून ठेवली होती. मामांकडे विमान कंपनीचे भरपूर पॉइंट साठले होते, म्हणजे तिकीट फुकट! पण वरचे कर आणि शुल्क बघितलं की मामांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "फुकटच्या तिकिटाला पैसे मोजायला मी काय दूधखुळा आहे? थांब, जरा उतरू दे." मग रोज मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. तोवर नातीचा स्वेटर मामींनी दोनदा उसवून मोठा केला.

आज शेजारीण दारात डोकावली. "काय मामी, फुकट जाणार होतात ना? गेलात की नाही?"

मामी स्वेटर पुन्हा उसवत म्हणाल्या, "आम्ही नाही हो! काल मुदत संपली आणि पॉइंट गेले फुकट."