गरम असताना

"वा, जावईबापू! बाही बसवावी तशी बसवलीत नळी." जीपच्या उघड्या बॉनेटखाली वाकून बाबा म्हणाले.

छोट्या मागेच उभा होता, वेल्डिंगचा मुखवटा हातात धरून. चाळिशी उलटली, दाढीत पांढरं आलं, तरी बाबांच्या तोंडी तो छोट्याच.

जीप बाबांची. तिच्या इंजिनाने मान टाकली, तेव्हा दुसऱ्या गाडीचं दणकट इंजिन आणून त्यांनी तिच्यात बसवलं. पण इंजिन एका घरचं, सांगाडा दुसऱ्या घरचा. धूर बाहेर नेणाऱ्या हेडरपाशी सोयरीक अडली. चार नळ्या, वर एका जाड पोलादी पट्टीला जोडलेल्या, खाली वळणं घेत एकीत मिळणाऱ्या. असं हेडर तयार मिळत नाही, घरीच घडवावं लागतं. छोट्याने एक घडवलं होतं. ते आता गॅरेजच्या दाराशी पडलं होतं, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. तिथे ते बाबांनी ठेवलं होतं.

मग छोट्याची बहीण आणि दाजी, म्हणजेच हे जावईबापू, राहायला आले. दाजी पेशाने शिंपी. लोखंडाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. पण सकाळी चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये डोकावले आणि म्हणाले, "हे तर बाहीचंच गणित आहे." वर्तमानपत्र नळीला गुंडाळलं, खडूने रेघ मारली, कागद उलगडला की कापायची वळणदार रेषा तयार. एकेक तुकडा असा बेतला की जोडताना नखभरही फट राहिली नाही. बाबा स्टूल ओढून त्यांच्या शेजारी जे बसले, ते जेवायलाही उठेनात.

वेल्डिंग मात्र छोट्याचं. बेतलेलं सगळं जीपमधून काढून, पट्टी एका निकामी इंजिनाच्या हेडवर, म्हणजे वरच्या जाड ठोकळ्यावर, बोल्टने आवळून त्याने एकामागून एक सांधे भरले. हात जराही हलला नाही. शेवटचा सांधा भरून त्याने मुखवटा वर केला, तेव्हा त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. मासळीच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली, एकसारखी ओळ. असं काम त्याच्या हातून आधी कधी झालं नव्हतं.

बाबा वाकले. एक डोळा मिटून त्यांनी चारही नळ्या न्याहाळल्या.

"कापणी बघ, छोट्या," ते म्हणाले. "शीक जरा."

आणि हात धुवायला घरात गेले.

दाजींचा चेहरा नुसता फुलला होता. "दादा, आत्ताच सोडवू का हे? बाबा यायच्या आत जीपला लावून ठेवू. बघतच राहतील!" पाना हातात घेऊन ते थांबले. "की गरम असताना सोडवायचं नसतं? मला काही यातलं कळत नाही. तुम्ही सांगा."

सांधे अजून निळे-जांभळे दिसत होते. दारातलं हेडर वाया गेलं होतं ते असंच. गरम असताना बोल्ट सोडवले आणि पट्टी धनुष्यासारखी वाकली.

छोट्याने हातमोजे काढले. एकावर एक नीट ठेवले.

"सोडवा की," तो म्हणाला.

दाजींनी भराभर बोल्ट काढले. फडक्याने हेडर उचललं, जीपपाशी नेलं, इंजिनाला टेकवलं. मध्ये टेकलं. दोन्ही टोकं हवेत. त्यांनी पुन्हा टेकवून पाहिलं. टोकाशी फटीत करंगळी जात होती. त्यांनी मान वळवून छोट्याकडे पाहिलं. छोट्या खाली, तेलाच्या डागाकडे पाहत होता.

टॉवेलला हात पुसत बाबा आले. फट त्यांना दारातूनच दिसली.

"गरम असताना कोणी सोडवलं?"

छोट्याने मान वर केली. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. यानंतर काय येतं, हे त्याला पाठ होतं. आज ते दुसऱ्याच्या वाट्याला येणार होतं.

"मी," दाजी म्हणाले. "मलाच धीर निघाला नाही."

विचारून सोडवलं, हे ते बोललेच नाहीत. छोट्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

बाबांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"अरे पोरा," त्यांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली, "एवढंसं तोंड काय करतोस? माझं पहिलं हेडर तर इंजिनाच्या जवळपासही गेलं नव्हतं. वडील मारतील म्हणून विहिरीत टाकून दिलं मी ते. आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडलो. तू निदान रडत तरी नाहीस!"

दाजी हसले. बाबा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

विहिरीची ही गोष्ट छोट्याने आजवर ऐकली नव्हती.

"नळ्या शाबूत आहेत," बाबा म्हणाले. "सांधे कापून काढू, पट्टी नवी घालू. धर, मी शिकवतो तुला. छोट्या, ग्राइंडर दे त्याला."

छोट्याने ग्राइंडर आणून दिला. दाजींनी तो बिचकत धरला. बाबांनी मागून त्यांच्या हातांवर एक हात ठेवला आणि फिरती चकती पहिल्या सांध्यावर टेकवली. ती एकसारखी ओळ चरचरत उकलत गेली. ठिणग्यांचा झोत सरळ छोट्याच्या अंगावर आला.

बाबांनी चटकन दुसरा हात आडवा धरला. जावयाच्या डोळ्यांपुढे.