हळदीचं पाणी

मोरीतला नळ खाकरला आणि विनिता दचकली. पाणी यायची वेळ होती, इतकंच. एरवी तिने हातातलं काम टाकून हंडे लावले असते. आज ती भिंतीला टेकून तशीच बसून राहिली. समोर तिची सासू गोदूबाय, आणि दोघींच्या मधे सतरंजीवर फोन. साडेचार वाजले होते. पाचच्या आत व्हिडिओ पाठवायचा होता.

गोदूबाय धवलारीण, म्हणजे लग्नातले धवले गाणारी. पनवेलच्या आसपासच्या आगरी गावांत तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण आली नाही तर नवरी पाटावरच बसत नाही. गेल्या आठवड्यात भावकीतल्या शशिकलाच्या मुलीची हळद होती. गोदूबायने नेहमीचं गाणं धरलं. त्यात नवरीच्या अंघोळीचं पाणी कुठल्या तळ्याचं, ते नाव घेऊन सांगायचं असतं. पण पाणी होतं टँकरचं. गावचं तळं बुजवून त्याला पत्र्याचं कुंपण पडलं होतं, आणि ते कुणी बुजवलं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गोदूबायने ओळ बदलून पुढे नेली:

नवरीचा पानी कंचे तल्याचा?
तला निजला मातीखाली,
माती भाऊंचे डंपरची.

बाया हसल्या. कुणीतरी फोन धरलेलाच होता. दोन दिवसांत गाणं उरणपर्यंत पोचलं. तिसऱ्या दिवशी, ते पुढे पाठवणाऱ्या काशिरामचं दुकान कुणीतरी फोडलं. काशिरामने तक्रार केली नाही. विचारणाऱ्याला तो सांगत होता, शटर जुनंच होतं.

आणि आज सकाळी गावचे पुढारी असलेल्या भाऊंचा माणूस, मिथुन, दारात आला. आल्या आल्या गोदूबायच्या पाया पडला. त्याच्या लग्नाचे धवले तिनेच गायले होते. चहा बशीत ओतून सावकाश प्याला. मग म्हणाला, आजीने व्हिडिओत हात जोडून एवढंच म्हणायचं, की मी गायले ते खोटं होतं, आणि पाचच्या आत तो पाठवायचा. भाऊ मोठ्या मनाचे आहेत, विषय तिथेच संपेल. उठताना त्याने विनिताच्या मुलीच्या, पूर्वीच्या, गालाला हात लावला.

"वहिनी, ही विठूच्याच रिक्षातून शाळेला जाते ना? अगदी कडेला बसते. पडंल एखाद दिवशी. सांगा त्याला, मधे बसवत जा."

तेव्हापासून विनिताने पोरीला अंगणातही जाऊ दिलं नव्हतं. नवऱ्याला, परेशला, तिने बंदरावर कामावर फोन लावला. तो म्हणाला, आईला सांग, बोलून टाक. आणि हे असलं फोनवर नको बोलूस.

गोदूबाय दुपारभर एकच सांगत होती. मिथुनच्या पाया पडते, भाऊंच्या दारात झाडू मारते, म्हणाल ते करते. पण मांडवात गायलेलं खोटं म्हणायचं नाही.

"मांडवान बोललेला खोटा केला, तं मी लावलेली लगना कशी खरी रातील, पोरी? तुजा पन मीच लावलाय."

विनिताने पूर्वीला ओढून मांडीवर घेतलं. सहा वर्षांची पोर, केसांना सकाळच्या तेलाचा वास. त्या केसांवर हनुवटी टेकून ती म्हणाली, "आई, उद्या हिला त्याच रिक्षातून पाठवायचंय मला."

गोदूबायने नातीकडे पाहिलं. मग पदर सारखा केला, तोंडावरून हात फिरवला आणि हात जोडले. विनिताने फोन उचलला.

"हलदीला गायलेला खोटा हाय. भाऊंनी तला बुजवला नाय."

माईक नसताना मांडवाच्या पार टोकाला पोचणारा तो आवाज. फोनवर परत लावून बघितला, तर नळाच्या धारेच्या आवाजात नीट ऐकूही येईना. तरी विनिताने पाठवून दिला. पाचला दहा कमी होते.

उत्तर लगेच आलं. तिने ते वाचलं, आणि मग सासूला वाचून दाखवावं लागलं. वहिनी, आजी रडवेल्या दिसतायत. लोकांना वाटेल आम्ही जबरदस्ती केली. जरा हसून बोलायला सांगा, परत पाठवा. खाली जोडलेल्या हातांचं चित्र.

गोदूबाय उठली. नळाखाली तोंड धुतलं, नळ घट्ट बंद केला आणि परत जागेवर येऊन बसली.

"किती दात दाखवू, इचार त्यांना."

विनिताने फोन पुन्हा समोर धरला. या वेळी गोदूबाय हसली, फोटोसाठी वरमाया हसतात तशी, आणि तेच सगळं पुन्हा बोलली. पाचला दोन मिनिटं असताना व्हिडिओ गेला. पलीकडून नुसता अंगठा आला.

विनिताने फोन पालथा घातला. आता कुठे तिला कळलं, की आपण पोरीचं मनगट इतका वेळ किती जोरात धरून ठेवलंय. बोटांचे वळ उठले होते. ती त्यांवर फुंकर घालू लागली. पूर्वीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आजीकडे टक लावून बघत होती.

"आई, आजी खोटंच गायली ना?"

उद्या रिक्षात हिला कुणीही विचारेल, विनिताच्या मनात आलं. तिने मान हलवली. हो.

पूर्वीचं तोंड एकदम उजळलं. मांडीवरून उडी मारून ती दारात गेली आणि चपला पायात सरकवू लागली.

"मग आपलं तळं आहे ना अजून? आई, आत्ता जाऊया बघायला?"