कातळावरची जांभळी फुलं

रुथ चर्चमधून घरी आली, तर सासू घरात नाही. शेजारी विचारलं, विहिरीत डोकावून पाहिलं. फिलोमिनाबाईंचा कुठंच पत्ता नव्हता.  धावत रुथ डोंगरीच्या टेकडीवर गेली, तर म्हातारी कातळावर पालथी पडलेली.

“माय!” रुथ किंचाळली.

“वरडतेस कशाला? जपून ये गो, फुलांवर पाय पडंल.”

रुथ जपून तिच्याजवळ बसली. कातळाच्या भेगेत तांदळाच्या दाण्याएवढी फुलं उमलली होती. साऱ्या उत्तन गावात ती फक्त याच कातळावर यायची.

“मला वाटलं, संपली,” सासू म्हणाली. “तीन वर्सं येऊन बघून जाते, कदी दिसलीच न्हाय. पन ती हायत गो!”

रुथ सासूच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. मोतीबिंदू फार पिकलेला होता. ऑपरेशननंतरही नजर येईलच, असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नव्हते. ऑपरेशन होऊन आठवडा झाला, तरी म्हातारी भिंत चाचपडतच चालत होती.

“माय, कुठला रंग आहे फुलांचा?”

“जांबळा,” सासू हसली. “आन तू रडतेस, तेबी दिसतंय मला.”