आधी पाणी

"नमस्कार पार्वतीबाई, मी तुमचा व्यंकट बोलतोय," फोनमधला आवाज म्हणाला आणि पार्वतीबाईंचा चेहरा उजळला.

"बोल की रे. किती दिसानं याद केलीस."

आवाज गटारे आणि पथदिव्यांविषयी बोलत राहिला. पार्वतीबाई मध्येच बोलल्या, थांबल्या, पुन्हा बोलल्या. "आरं, ऐक तर. परवा मतदान हाय, आज ये घरी. आमचा सुगत बी आलाय जपानहून." आवाज थांबला नाही. आपली निशाणी सांगून त्याने आभार मानले आणि फोन बंद झाला.

"लई घाईत हाय," पदराने फोन पुसत त्या म्हणाल्या. "मला काकू म्हणायचा. आज पार्वतीबाई म्हणला. मोठं झालं लेकरू. पण येईल."

दाराशी बसलेल्या सुगतला ठाऊक होते की हाच आवाज या क्षणी उमरीतल्या घराघरांत बोलत असेल, फक्त नाव तेवढे बदलून. यंत्र आहे ते, असे सांगण्यासाठी त्याने तोंड उघडले. तोवर आई तांब्याला चिंच लावून घासायलाही बसली होती.

सुगतचे वडील लिंबाजी हयात होते तोवर निवडणूक म्हणजे हा तांब्या. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, लिंबाजी त्याला बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खुर्चीवर बसवत आणि म्हणत, "आधी पाणी घ्या, मग बोला." आत्ताच प्यालो म्हणणाऱ्याला ते आग्रह करत नसत. त्याचे बोलणे न ऐकताच नम्रपणे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचवून येत, एवढेच. लिंबाजींच्या वडिलांच्या ओंजळीत ज्या घरांतून वरून पाणी ओतले जाई, त्याच घरांतले लोक इथे बसून पेला रिकामा करत. ते घोट ऐकताना लिंबाजींच्या चेहऱ्यावर जे उमटे, त्याला सुगतला अजून शब्द सापडला नव्हता.

जपानात नागोया शहरात त्याने एक निवडणूक पाहिली होती. पांढरे हातमोजे घातलेला उमेदवार सकाळी स्टेशनबाहेर एकटाच उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यापुढे कमरेत वाकत होता, आणि माणसे शांतपणे त्याच्या बाजूने निघून जात होती. प्रचारासाठी मतदाराच्या दारी जायला तिथे कायद्याने मनाई आहे, असे कंपनीतल्या सहकाऱ्याने सांगितले. उमेदवार घरात येऊन बसला की घरच्यांना त्याची भीड पडते, म्हणून. सुगतला ते फार स्वच्छ, फार योग्य वाटले होते. त्या संध्याकाळी मात्र खोलीवर परतल्यावर, कुणी दार वाजवील म्हणून तो उगाच कान देऊन बसला होता.

दुपार कलली. गल्लीच्या तोंडाशी गाडी वाजली की पार्वतीबाई दारात येत आणि गाडी पुढे गेली की आत जात. दोनदा उकळलेला चहा त्यांनी ओतून दिला, पातेले विसळले, पुन्हा आधण ठेवले. सुगतने चपला घातल्या.

व्यंकट चौकात उघड्या जीपमध्ये हार घालून उभा होता. सुगतला पाहून तो खाली वाकला. "कधी आलास? काकूंना फोन गेला ना आपला?"

"गेला. त्या फोनलाच तिनं घरी बोलावलंय. सकाळपासून वाट बघून राहिली."

जीपमधली पोरे हसली. व्यंकट हसला नाही. "आता कोण दारोदार फिरतंय, सुगत? येळ कुठंय? तुमच्या जपानात तरी जातात का?"

"तिथं कायद्यानं बंदी आहे," सुगत म्हणाला. चौकात एवढ्या लोकांसमोर तो आजवर कधी बोलला नव्हता. "इथं अजून नाही."

व्यंकटने हार काढून मागच्या पोराच्या हातात दिला आणि तो खाली उतरला.

दारात वाकून "जय भीम, काकू" म्हणत तो आत आला, खुर्चीवर बसला. पार्वतीबाईंनी पेला पुढे केला. तो एका दमात प्याला आणि आणखी मागितले.

"पहिल्यांदा आमच्या आबासंगं आलो हुतो मी इथं, ल्हान असताना, प्रचाराला," रिकामा पेला हातात फिरवत तो म्हणाला. "काकांनी पाणी दिलं. जाताना आबा म्हणले, पाण्याचं घरी आजीला सांगू नको."

पार्वतीबाई हसल्या. "ते ठाऊक हुतं की आमाला. तुझ्या काकांना बी."

व्यंकटने मान खाली घातली. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. उठून हात जोडत तो इतकेच म्हणाला, "ध्यान असू द्या, काकू," आणि गेला.

चहा प्यायचा राहूनच गेला. सुगतने कप उचलले. "मग आता मत व्यंकटला?"

"का? पाणी प्याला म्हणून?"

"तिकडं तसंच समजतात. घरात बसवलं की नाही म्हणता येत नाही म्हणे."

"आपलं मत आपल्याला राखता येत न्हाई व्हय त्यांना?" पार्वतीबाई म्हणाल्या. "तुझ्या बापानं मत कुणाला दिलं, मला कधी सांगितलं न्हाई. म्या बी इचारलं न्हाई. पाणी मात्र समद्यांनी पेलं."

गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्या पक्षाचे गाणे ऐकू येऊ लागले. पार्वतीबाईंनी पेला विसळला, पालथा करून निथळला आणि तांब्यातून पुन्हा काठोकाठ भरला.

"हा दुसरा कोण उभा हाय रे?" त्यांनी विचारले. "जा, त्याला बी घेऊन ये."