येते गं

“आई, खाली इंग्रजीत उमटतंय, ते सांगत जाऊ का?” चित्रपट महोत्सवाच्या अंधाऱ्या थिएटरात मुकुंदाने हळूच विचारलं.

“तुझी अक्षरं तुझ्यापाशी ठेव. मला माणसांची तोंडं वाचता येतात,” द्वारकाबाई ताडकन म्हणाल्या.

लेकाकडे बर्लिनला येऊन त्यांना महिना झाला होता. नवरा-बायको सकाळीच कामाला जात, नातीला मराठीचा गंध नव्हता, आणि द्वारकाबाईंच्या जिभेला गंज चढत चालला होता. पडद्यावर कुठल्याशा डोंगरमुलखातली म्हातारी चुलीपुढे एकटीच बसून शेळीशी भांडत होती. तव्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

“अगं बये, भाकरी करपतेय!” द्वारकाबाई ओरडल्या. चहूकडून ‘श्श’ झालं. मुकुंदा शरमेने खुर्चीत रुतला. तेवढ्यात म्हातारीने दचकून भाकरी उलटली.

“बघ, ऐकलं तिनं. माझं ऐकणारी इथे ही एकच निघाली.”

पिक्चर संपला, दिवे लागले. मुकुंदा घाईघाईने दाराकडे निघाला. द्वारकाबाई पदर सावरून पांढऱ्या पडद्याकडे वळल्या, “येते गं” म्हणाल्या, आणि तिकडून “ये हो” येईल म्हणून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या.