आठव्या वर्गाची जमीन

रेवतीने उतारावर बसून मातीत खुपसलेल्या सळईवरचा आकडा वाचला. वर्ग आठवा; ही माती फार तर दोन पावसाळे डोंगराला धरून राहील. आठव्या वर्गाच्या जमिनीवरची वस्ती आठवड्याच्या आत उठवायची, असा कायदा होता, आणि इथे तिच्या मामांची चौदा घरांची वाडी होती.

"सातवा लिही ना गं पोरी," मामा म्हणाले. "सातव्याला राहू देतात. आम्ही बांध घालू, झाडं लावू."

"पलीकडच्या कुंभळवण्याला मी सातवाच लिहिला होता, मामा. दया आली म्हणून. त्याच श्रावणात अख्खा उतार खाली आला. एकोणीस माणसं गेली."

मामांनी हळूच विचारलं, "मग आम्ही जायचं कुठं?"

"पठारावरच्या छावणीत."

"तिथली माती तरी धड आहे का?"

रेवतीने ती कालच तपासली होती. तिने वाडीच्या अहवालात आठ लिहिलं आणि हात देऊन मामांना उठवलं.

"सामान थोडंच घ्या," ती म्हणाली. "तिथूनही उठावं लागेल."