ब्राह्मीचं तेल

बजाजनगरातल्या त्या दोन खोल्यांत दुपारभर ब्राह्मीचा वास कोंडला होता. सासूबाईंच्या, म्हणजे कडूबाईंच्या, हल्ली काही ध्यानात राहत नव्हतं, म्हणून विशाखानं घरीच तेल कढवलं. त्यात वात बुडवून पेटवली, तर ती तडतडली नाही. पाण्याचा अंश गेला, तेल झालं.

रोज जेवणं उरकली की ती कडूबाईंच्या टाळूवर तळहातानं तेल जिरवायची.

चौथ्या दिवशी कडूबाई डोळे मिटूनच बोलल्या, "पैठणच्या शाळंमागं चिंच व्हती. तिची फांदी मोडून मी पडले व्हते."

विशाखाचा हात थांबला. पैठणला शिकली होती ती. चिंचेवरून पडलीही तीच होती. कडूबाईंनी तर जन्मात शाळा पाहिली नव्हती.

"अजून काय आठवतं, आत्याबाई?"

"आमच्या बाई. कपाळावर तीळ व्हता त्यांच्या."

नाव काय बाईंचं? विशाखाला काही केल्या नाव सुचेना. तीळही आठवेना. पण ऐकायची मोठी गोडी लागली. दुसऱ्या दिवसापासून तिनं दुप्पट तेल घेतलं, आणि आज नवीन काय निघतंय म्हणून कान देऊन बसू लागली.

शनिवारी कडूबाईंनी तिचे तेलकट हात अलगद बाजूला केले आणि पदर खोचून चटकन उठल्या.

"बास झालं, आत्याबाई. हात दुखले असतील तुमचे. पडा जरा, मी चहा टाकते."

"बरं पोरी," म्हणत विशाखा गुडघ्यावर हात रेटून सावकाश खाटेवर टेकली. "साखर कमी टाक."